साडेपाचची गोळी

दिवसपाळीची आया अनुश्री ट्रॉली ढकलत वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. अकरा पलंगांवर अकरा म्हाताऱ्या, आणि ट्रॉलीवर तेवढ्याच छोट्या वाट्या. प्रत्येक वाटीत एक पांढरी गोळी.

कांताबाई मेश्राम वॉकर धरून पलंगावरून उतरल्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. एकटीनं उतरायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी चार पावलं टाकली आणि शेजारच्या पलंगावरच्या सुशीलाबाई आणि ट्रॉली यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, गिर जाओगी!"

"पडीन तं पडीन. हे गोळी सुशीलाबाईले देऊ नको."

अनुश्रीला मराठी सगळं कळायचं. घरी आई तेच बोलायची. पण तिच्या तोंडून हिंदीच यायची. "ताकत की गोली है आजी. सबको दे रहे हैं."

"पोरी, रेल्वेच्या हॉस्पिटलात मी चौतीस वर्षं नर्स होती. ताकदीची गोळी कोणती अन् झोपेची कोणती, हे तू मले शिकवून राहिली का?"

रात्रीची आया काम सोडून गेली होती. तिच्या जागी कोणी आलं नाही, ही गोळी आली. तेव्हापासून पंधरा दिवस सहाच्या आत सगळा हॉल घोरायला लागायचा. कांताबाईंनी पहिल्याच दिवशी गोळी ओळखली. त्या ती जिभेखाली धरायच्या, अनुश्री पुढे गेली की रुमालात टाकायच्या. आपली गोळी थुंकली की आपण सुटलो, असं त्यांना वाटलं होतं. आज दुपारी सुशीलाबाईंची चादर सारखी करताना त्यांच्या माकडहाडावरची जखम दिसली. रुपयाएवढी, मधे काळी. दुपारपासून कांताबाई स्वतःवरच चिडल्या होत्या.

आवाज ऐकून मॅनेजर यशदीप ऑफिसमधून आला. "माताजी, बैठ जाइए. तमाशा मत कीजिए."

"डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, बसतो."

"चिठ्ठी की क्या बात है? सबके आराम के लिए है."

"कोणाच्या आरामासाठी, भैया?"

यशदीपनं भिलाईला कांताबाईंच्या मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आई, काहून भांडून राहिली तू?" इंद्रजीतचा आवाज थकलेला होता. "दुसरी जागा मुश्किलीनं भेटते. थोडं एडजस्ट कर ना."

"आपकी माताजी को ले जाना पड़ेगा," यशदीप फोनमध्ये म्हणाला.

"काढा मले," कांताबाई म्हणाल्या. "इंद्रजीत, उद्या येऊन घेऊन जा. मी तुझ्या हॉलात चटई टाकून झोपीन. पण मी इथं आहे तवर ह्या बाईच्या तोंडात हे गोळी जाणार नाई."

यशदीपनं फोन बंद केला आणि अनुश्रीकडे वळला. "तुम अपना काम करो. गोली दे दो."

अनुश्रीनं वाटी उचलली.

"थांब," कांताबाई म्हणाल्या. "चार्टवर सही कोण करते?"

"मैं."

"उद्या ही बाई उठली नाई, तं कागदावर नाव कोणाचं सापडन? ह्या भैयाचं?"

अनुश्री वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. कांताबाई खाली वाकल्या. "सुशीलाबाई, हिले जखम दाखवू का?"

सुशीलाबाईंनी डोळे अर्धे उघडले. बऱ्याच वेळानं मान डोलावली.

"भैया, तोंड तिकडं करा."

यशदीपला काय करावं ते कळेना. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. कांताबाईंनी चादर बाजूला केली, सुशीलाबाईंना हळूच कुशीवर घेतलं. अनुश्रीनं वाकून पाहिलं.

"हे केव्हाचं हाये?" तिनं विचारलं. मराठीत.

"निजलेल्या माणसाले कूस कोण बदलवते, पोरी? दोन-दोन घंट्यांनी बदलवा लागते. पंधरा दिवस झाले."

अनुश्रीनं वाटी ट्रॉलीवर ठेवली. मग सगळ्या वाट्यांतल्या गोळ्या एका डबीत ओतल्या, डबी यशदीपच्या हातात दिली.

"सर, पहले डॉक्टर का पर्चा लाइए."

"रात को ग्यारह लोग जागेंगे तो कौन देखेगा?"

"दूसरी आया रखिए. आज मैं रुकती हूँ."

"कल से आना मत."

"पर्चा माँगने पर निकाला, ये भी कागज पे लिख के देना," अनुश्री म्हणाली. ती जागची हलली नाही. यशदीप डबी घेऊन निघून गेला.

मग कांताबाई सांगत गेल्या आणि अनुश्री करत गेली. हात धुतले, जखम सलाइनच्या पाण्यानं पुसली, पट्टी लावली, पाठीशी उशी लावून सुशीलाबाईंना डाव्या कुशीवर ठेवलं. कांताबाईंना धरून त्यांच्या पलंगावर बसवलं तेव्हा त्यांचे पाय सुजले होते.

सात वाजता स्वयंपाकीण जेवणाची गाडी घेऊन आली आणि दारातच थांबली. पंधरा दिवस ती या हॉलमध्ये ताटं आणायची आणि कांताबाईंचं सोडून बाकीची तशीच परत न्यायची. आज दिव्याखाली बाकी सगळ्याजणी उठून बसल्या होत्या. कोणी दुसरीची वेणी घालत होतं, दोघी मोठ्यानं भांडत होत्या.

"आज सब झन खाहीं का?" तिनं छत्तीसगढीत विचारलं.

"हव," कांताबाई म्हणाल्या. "सगळ्या जेवतीन."

सुशीलाबाईंनी कुशीवरूनच हात वर केला. आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ होते.

"माझ्या भातावर तूप वाढ," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांचं वाढ."