गर्दी ओळखणारा पंखा

पंखा एकतर चालू असतो नाहीतर बंद, हे इंगवले सरांना मुळीच मान्य नव्हतं. कोल्हापुरातली, चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माणसं थोडी असतात, बऱ्यापैकी असतात, गच्च असतात. मग वारंही तसंच पाहिजे की! म्हणून कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी एक पेटी बनवली. वर्गातली ऊब आणि श्वासांची ओल चाचपून गर्दी कितपत आहे ते ती ठरवायची, आणि तेवढाच पंखा फिरवायची.

सोमवारी प्राचार्यांना पेटी दाखवायची होती. जमलं तर नोकरी पक्की, फसलं तर घरी. म्हणून रविवारी दुपारी सर रिकाम्या वर्गात एकटेच तपासत बसले. एका माणसापुरता पंखा आळसावून फिरत होता.

मग त्यानं वेग घेतला.

सरांनी खिडक्या उघडल्या. वेग वाढला. तारा सोडवून पुन्हा जोडल्या, तरी वाढलाच. शेवटी भरल्या मांडवात फिरावा तसा तो गरगरू लागला. समोर बाकं तर सगळी मोकळी!

पेटी चुकत असेल तर नोकरी गेली. आणि चुकत नसेल तर?



तेवढ्यात धाकटी बहीण हौसा जेवणाचा डबा घेऊन दारात आली.

"हौसा, आत ये लवकर!" सर ओरडले.

ती उंबऱ्यावरच अडली. डबा छातीशी धरून तिनं पदर सावरला आणि मोकळ्या बाकांकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "अवो पावणं, जरा सरका की! आमच्या दादाला भाईर येऊ द्या!"