‘वर्सोवा’वरचा दाढीवाला

दाढीवाला आजही आला होता. ‘वर्सोवा’ जहाजाच्या खालच्या डेकवर, तोफांच्या रांगेपाशी, पाठीवर तीच काळी सॅक. डॉ. हरीश चुरी टॉर्च विझवून खांबाआड सरकले.

गेले काही आठवडे ते या पोराला बघत होते. रंग आपल्याकडचाच, पण लक्षण ठीक नव्हतं. पाट्या वाचायचा नाही, मोबाइलने फोटो मात्र काढायचा. डॉक्टर जवळ गेले की फोन कानाला लावून भलतीकडेच बघायचा. जुलैत लंडनमध्ये सॅकमधून आणलेले बॉम्ब फुटल्यापासून डॉक्टरांना सॅक दिसली तरी धडकी भरायची.

निवृत्तीनंतर लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरात त्यांना करमेना. समुद्रकाठच्या या बंदरातलं, आता संग्रहालय झालेलं शिडाचं लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं आहे हे कळलं, आणि त्यांच्या अंगातच आलं. त्यांच्या पणजोबांचे आजोबा त्याच गोदीत सुतार होते. छातीवर गाइडचा बिल्ला लावून ‘वर्सोवा’वर मिरवायचं, एवढी एकच हौस आता उरली होती. शुक्रवारी जहाजाची कमिटी त्याचा निर्णय घेणार होती.

म्हणून तयारी जोरात चालली होती. सागवानी तुळया टेपने मोजायच्या, तोफेच्या दारूच्या कोठारात वाकून टॉर्च मारायचा, आणि जहाजाची अख्खी कारकीर्द फोनवर बायकोला घडाघडा म्हणून दाखवायची. मुंबईहून निघालं, ग्रीसच्या किनाऱ्यावर लढलं, गुलामांची जहाजं पकडली, म्हातारपणी कोळशाचं कोठार झालं. नेमकी कुठे ठिणगी पडली असती तर जहाज उडालं असतं, हेही ते रंगवून सांगत.

गेटवरच्या गार्डला त्यांचं फार कौतुक. पुन्हा कधी येणार, कुठल्या ट्रेनने, बरोबर कोणी असतं का, सगळं आपुलकीने विचारायचा. बिल्ला मिळाल्यातच जमा आहे, असं डॉक्टरांना वाटायचं.

आत्ताही त्यांनी घरी फोन लावला.

“शिल्पा, तो परत आलाय. I’m telling you, काहीतरी शिजतंय.”

“हळू बोला. ऐकेल ना तो.”

“त्याला कुठं मराठी कळतंय?”

उगाच कुणाच्या पोराचं वाटोळं करू नका, नीट विचार करा, असं शिल्पाताईंनी बजावलं. डॉक्टरांना क्षणभर वाईटही वाटलं. मग बिल्ला आठवला. जहाज वाचवणाऱ्या माणसाला कमिटी नाही कशी म्हणेल?

ते तडक गेटवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. गार्डने मन लावून ऐकलं. त्यांना आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि मी सांभाळतो म्हणत त्यांची पिशवीही घेऊन गेला. एवढा मान पाहून डॉक्टरांना भरून आलं.

थोड्या वेळाने दार उघडलं. दाढीवाला आत आला. डॉक्टर ताडकन उठून उभे राहिले.

त्याने दार लावून घेतलं, गळ्यातलं ओळखपत्र शर्टाबाहेर काढलं आणि टेबलावर एकेक फोटो मांडला. सगळ्या फोटोंत डॉक्टरच होते. तुळई मोजताना, दारूच्या कोठारात वाकलेले, खांबाआडून बघताना, फोनवर बोलताना.

“बसा, काका. मी पोलीस आहे,” तो म्हणाला. “माझी आई पुण्याची. सगळा मराठी कळते मला.”