जिरं चावा

पोहे परतताना मंदाकिनीबाईंचा जबडा दुखू लागला, पाठीतून कळ निघाली आणि दरदरून घाम फुटला. मनगटावरचा आरोग्यपट्टा लगेच बोलला, "आम्लपित्त. जिरं चावा, चिडचिड टाळा."

"अहो, मला काही बरं वाटत नाहीये."

"पट्टा काय म्हणतो?" दिगंबररावांनी न्हाणीघरातून विचारलं.

"आम्लपित्त."

"मग झालं तर. तुला काय त्याच्यापेक्षा जास्त कळतं?"

पट्टा डॉक्टरांच्या लाखो जुन्या नोंदी वाचून शहाणा झाला होता, आणि त्या डॉक्टरांनी बायकांच्या कळांना पिढ्यान्‌पिढ्या पित्तच म्हटलं होतं.

नवऱ्याने आंघोळीपुरता काढलेला पट्टा बाईंनी दुसऱ्या मनगटावर चढवला. तो किंचाळलाच, "दिगंबरराव, हृदयविकाराचा झटका! हलू नका, रुग्णवाहिका निघाली."

चार मिनिटांत स्ट्रेचर दारात आलं.

"पण इथे पेशंट पुरुष लिहिलाय," स्ट्रेचरवाला घुटमळला.

"मग मला पुरुष समजा आणि उचला."

आठवड्याने बाई स्टेंट बसवून घरी आल्या. दिगंबररावांच्या नावाच्या कागदावर सल्ला होता, 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, दाढी जपून करा.' बाईंचा स्वतःचा पट्टा म्हणाला, "आम्लपित्त बरं झालं. अभिनंदन."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" दिगंबररावांनी हात पुढे केला. "आण माझा पट्टा."

"हा राहू दे मला. तुम्ही माझा घाला," बाई म्हणाल्या. "काही झालंच, तर जिरं डब्यात आहे."