वाऱ्याची आजी

चार वाजायला दोन मिनिटं होती आणि झाडाचं पानही हलत नव्हतं. दिगंबररावांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि लाल दोरी हातात घेतली.

दोरीचं दुसरं टोक शेजारच्या बाल्कनीतल्या पितळी घंटेला बांधलेलं होतं. फ्रीमाँटच्या त्या इमारतीत दोन बाल्कन्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर. घंटा शेजारच्या चिनी आजींची.

चारच्या ठोक्याला आजी बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. नजर घंटेवर. दिगंबररावांनी कुंडीआडून दोरीला हलका झटका दिला. घंटा वाजली. आजींनी हात जोडले, हसल्या.

"झालं एकदाचं," दिगंबरराव पुटपुटले.

हे ऑक्टोबरपासून चाललं होतं. आजींची मुलगी लिन, चिप कंपनीतली इंजिनिअर, एका रविवारी दार वाजवून आली. तिचं-यांचं सगळं बोलणं इंग्रजीत.

"अंकल, एक काम होतं. आमच्यात वाऱ्याची देवी असते, फंग पो-पो. म्हातारी आहे. वाघावर बसते, पाठीवर वाऱ्याची पिशवी. चारला घंटा वाजली की ती येऊन गेली, अशी आईची समजूत आहे. वारा पडला की आई रात्री जेवत नाही. मी ऑफिसात असते. तेवढी दोरी ओढाल?"

खरं तर दिगंबररावांना तेव्हा कुणाच्या आईशी काही देणंघेणं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी सुलभाताई गेल्या. तेव्हापासून बाल्कनीचं दार बंद, पडदा ओढलेला, दाढी वाढलेली. मुलगा यशोधन सांगून सांगून थकला होता. पण कुणी म्हातारी आपल्यापायी उपाशी राहावी, हेही काही मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं, तर दोरी आयतीच कठड्याला बांधलेली. लिनचं काम चोख, त्यांना वाटलं.

चार ही वेळ मुळात सुलभाताईंची. सांगलीला उन्हं कलली की कृष्णेवरून वारा सुटायचा आणि पदर सावरत त्या म्हणायच्या, "आला बघा तुमचा वारा, चहा टाकते." इथे आल्यावरही दोघं चारला कप घेऊन बाल्कनीत यायची. "चहा घेणार का हो?" असं त्या आजींना खुशाल मराठीत विचारायच्या. आजी नुसत्या हसायच्या.

"भाषा कळत नाही, पण हसते किती गोड," सुलभाताई म्हणायच्या.

आता दोरीपायी दिवसाला घड्याळ आलं. चारला हजर राहायचं म्हणजे दुपारी वेळेवर जेवायचं, त्याआधी आंघोळ. मोकळ्या हाताने काय उभं राहायचं, म्हणून चहा. डिसेंबरात त्या चहात आलं पडू लागलं. सुलभाताईंच्या आठवणीने डोळे भरायचे ते भरायचेच. पण आता बाहेर, उजेडात.

मार्चमध्ये यशोधन म्हणाला, "बाबा, मला टेक्सासमध्ये जॉब मिळालाय. शुगर लँडला शिफ्ट व्हायचं."

"आणि घंटा?"

"कसली घंटा?"

दिगंबररावांना जेवण गोड लागेना. आजी चारला येऊन बसणार, वाट बघणार आणि उपाशी उठणार. सुलभासाठी काही करता आलं नाही, आता हिलाही टाकून चाललोय, हे त्यांना खात राहिलं.

निघायच्या दिवशी सकाळीच ते लिनच्या दारात उभे राहिले. आत आजी दाराकडे पाठ करून शेंगा सोलत होत्या.

"पंखा लाव, माणूस ठेव, काहीही कर," दिगंबरराव म्हणाले, "पण चारची वेळ चुकवू नकोस. मी कधीच चुकवली नाही गं."

लिन बाल्कनीत गेली. घंटा सोडवून, तिच्याभोवती लाल दोरी गुंडाळून घेऊन आली.

"ही तुमच्याबरोबर न्यायची. आईने बजावलंय. दोरीही तिनेच बांधली होती तुमच्या कठड्याला, तुमचं दार उघडेना तेव्हा."

"आणि त्या काय ऐकणार मग? जेवायच्या नाहीत."

लिन आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या कानाशी तिने घंटा जोरजोरात वाजवली.

आजी शेंगा सोलत राहिल्या.