एव्दोकियानं दिलेलं नाव

“नवरा, सासू-सासरे, आईबाप,” एव्दोकिया म्हातारी म्हणाली आणि उकडलेल्या गव्हाचं ताट तिनं वेदीसमोर ठेवलं. गव्हात डाळिंबाचे दाणे, बदाम, वर पिठीसाखरेचा गुळगुळीत थर. मृतांची नावं देवळात घ्यायच्या शनिवारी अख्ख्या गावानं वळून पाहावं असं ताट दर वर्षी तिचंच असे.

“आणि साकेलारिस?” पापा याकोवोस यांनी विचारलं. गावचे धर्मगुरू ते. हे विचारणं त्यांना भागच होतं.

दर वर्षी तिचं उत्तर ठरलेलं. “माझ्या पोराचं नाव मेलेल्यांत घ्यायचं नाही, पापा.”

बेटाला जमीन अशी नाहीच. वर खडक, खाली समुद्र, मध्ये दगडी बांध घालून अडवलेली मूठमूठ माती. बायकांनी त्या मातीत कांदे लावायचे आणि पुरुषांनी पाण्यात पिकवायचं. ईस्टर झाला की होड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत, बुड्या मारून स्पंज काढत, आणि पानगळीच्या सुमारास परत येत. येताना कुणीतरी कमी असेच. साकेलारिस असाच कमी झाला. होडी तिकडच्या बंदराबाहेर नांगरलेली होती, सकाळी तो होडीवर नव्हता. समुद्रानं नेला, असं नाखवा म्हणाला. प्रेत कुणी पाहिलं नाही.

आणि प्रेत नसलं की या गावात एकच रीत. जिनं जन्म दिला, तिनंच देवळात येऊन नाव द्यायचं. तोवर बायको विधवा नव्हे, तिला दुसरं लग्न नाही.

साकेलारिसची बायको थेमेलिना मागे खांबाला टेकून उभी होती. दिवसभर व्यापाऱ्याच्या वखारीत स्पंज कातरून तिची बोटं भेगाळली होती. संध्याकाळी ती सासूचे पाय चोळायची. नावाचा विषय तिनं कधी काढला नाही. तिच्यासाठी थांबलेला नोमिकोस गवंडी मात्र आता कंटाळला होता. यंदा जमलं नाही, तर तो काम शोधत कायमचा बेट सोडणार होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“पोराच्या आशेपायी सुनेला जिती पुरतेय म्हातारी,” मागच्या रांगेतली एक बाई पुटपुटली.

“पुरायला तरी माती कुठाय आपल्याकडे?” दुसरी म्हणाली. दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या.

एव्दोकियाला ऐकू गेलं. ती मागे वळली, पण त्या बायकांकडे तिनं पाहिलं नाही. थेमेलिनाकडे पाहिलं, खूप वेळ. मग म्हणाली, “घ्या, पापा. साकेलारिस.”

पापा याकोवोस गायला लागले. नावामागून नाव सुरात येत होतं. साकेलारिस लहानपणी इथंच डाव्या बाजूला उभा राहून त्यांच्या गाण्याला खालचा सूर धरायचा. त्याच्या नावाशी आल्यावर पापांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी ते नाव पूर्ण गायलं. ‘देवा, याला उजेडाच्या जागी विसावा दे.’ थेमेलिना गुडघ्यांवर बसून हमसाहमशी रडत होती. म्हातारीचे डोळे कोरडे होते. सुटली बिचारी म्हातारी, पापांच्या मनात आलं. इतक्या वर्षांनी का होईना, तिला खरं सोसलं.

उपासाचे दिवस सरले. ईस्टरनंतरच्या रविवारी पापांनी थेमेलिना आणि नोमिकोसच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट ठेवले. सुनेच्या मुकुटाची फीत एव्दोकियानं स्वतःच्या हातानं सारखी केली.

“आई, चला ना आमच्याबरोबर,” थेमेलिना दारातून म्हणाली.

“हो पुढे, पोरी. नवऱ्याला थांबवू नकोस. माझं पापांकडे जरा काम आहे.”

वऱ्हाड व्हायोलिनच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेलं. देऊळ रिकामं झालं. एव्दोकियानं पापांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तो हात सोडलाच नाही.

“एक विचारायचं होतं, पापा. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलं गेलं, तर पाप कुणाला लागतं?”

“जाणूनबुजून ज्यानं नाव दिलं, त्याला,” पापा म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. “एव्दोकिया, काय बोलतेस तू हे?”

“ज्याचं नाव घेतलं, त्याला काही बाधत नाही ना? नक्की?”

“नाही. त्याला नाही.”

“मग बरं,” म्हातारी म्हणाली आणि तिनं पापांचा हात सोडला. “तिकडे अलेक्झांड्रियात त्याची पोरं अजून लहान आहेत.”