दात घ्यायचा नाही

वरच्या देलाना गावाची माणसं डोंगर उतरून येताना दिसली, तशी उनाईसीने वाळत घातलेली चटई अर्धवट सोडली आणि घरात शिरली. तिचा नवरा सेफानाया, आमच्या मातासावा गावाचा प्रमुख, खांबाला टेकून बसला होता.

"अहो, आले ते," ती म्हणाली. "वाइसाके पुढे आहे. आणि त्याच्या हातात दात आहे."

सेफानाया सरळ बसला. देवमाशाचा दात कोणी उगाच घेऊन हिंडत नाही. दात पुढे केला की मागणं आलंच, आणि एकदा का तो हातात घेतला की त्या मागण्याला नाही म्हणायची सोय नाही. मग मागणं काहीही असो.

काय मागणार हे उनाईसीला ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण तिनेच ते घरोघरी सांगितलं होतं. आमच्या प्रवाळाच्या खडकांवर, तिथल्या मासेमारीवर देलानावाल्यांचा बापजाद्यांपासून डोळा. समुद्र आत येतोय, मातासावाला आज ना उद्या वर सरकावं लागणार, आणि वरचा डोंगर त्यांचा. या राहायला, खडक तेवढे आमच्या नावे करा, असं गोड बोलून ते आपल्याला कुळं करून ठेवणार, हे तिने ओळखलं होतं.

आणि ते हवामानवाले त्यांना सामील. जपान, नॉर्वे, सामोआ, कुठकुठली माणसं जमवून आलेली ती पलटण. नळ्या सोडल्या आमच्या विहिरींत, मोजला आमचा किनारा, पण मुक्काम कुठे? देलानाला. फोनला रेंज तिथेच मिळते म्हणे. तिथे त्यांच्यासाठी डुक्कर भाजलं, रोज संध्याकाळी यंगोनाचे, त्या मुळ्यांच्या गुंगीच्या पेयाचे, वाडगे फिरले. लाकडं आणायला गेलेल्या उनाईसीने तर डोळ्यांनी पाहिलं, देलानाच्या उतारावर ते ओळीने खुंट्या ठोकत होते. आपले प्लॉट पाडतायत, असं तिने येऊन सांगितलं. एकेकाला खोपट्याएवढी जागा, त्यांची डुकरं तरी त्याहून ऐसपैस राहतात.

मग गेल्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही गावांना बसवून हवामानवाल्यांनी आपलं संशोधन वाचून दाखवलं. सुरुवात आमच्यापासून. विहिरी खाऱ्या होत चालल्यात, किनारा खचतोय, तुमची नातवंडं म्हातारी होतील तेव्हा इथे गाव नसेल. हलायचं का, कधी, कसं, ते तुम्हीच ठरवा, पण ठरवा. एवढं ऐकलं आणि सेफानाया उठला. रागाने उठला की रडू येईल म्हणून, ते त्याचं त्याला माहीत. आमच्यात प्रमुख उठला की मागे कोणी बसून राहत नाही. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळं मातासावा बाहेर पडलं. त्या कागदांचा कपटाही गावात यायचा नाही, असं त्याने वाटेतच बजावलं. आला नाही.

"काही झालं तरी दात घ्यायचा नाही," उनाईसी आता म्हणाली. "हात मांडीवर ठेवा. खडक गेले तर नातवंडांना काय खायला घालू, माझं कपाळ?"

सेफानायाने हात मांडीवर ठेवले.

वाइसाके आत आला. देलानाचा प्रमुख तो. एरवी आला की चेष्टा केल्याशिवाय राहायचा नाही. मासे खाऊन खाऊन तुमच्या डोक्यात काटे झालेत, म्हणायचा. आज गप्प होता. त्याच्यासाठी वर, मानाच्या जागी अंथरलेल्या चटईवर तो गेलाच नाही. दाराशी, पोरांनी बसावं तिथे, मांडी घालून बसला. त्याची माणसं मागे, काही तर बाहेर उन्हातच. उनाईसी मागच्या दारात उभी होती. नाटकं बघ मेल्याची, असं ती शेजारणीच्या कानात म्हणालीसुद्धा.

वाइसाकेने दोन्ही हातांनी दात पुढे धरला. जुना, तेल पिऊन पिऊन लालसर झालेला दात. तो बाहेर काढलेला आमच्यापैकी कोणी कधी पाहिला नव्हता.

"सेफानायादादा, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात," तो म्हणाला. "तुमचं तेवढं ऐकून गेलात. पुढचं सगळं आमचं होतं."

वाइसाके खाली बघून सांगत राहिला. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, एकदम कोसळतो, आणि देलानाचा उतार आतून सुटत चाललाय, खुंट्या ठोकून त्यांनी तेच मोजलं. समुद्राला मातासावा गिळायला अजून दोन पिढ्या लागतील. डोंगराला तेवढा धीर नाही. पुढच्या एखाद्या मोठ्या वादळात तो गावासकट खाली येईल, असं त्या लोकांनी तोंडावर सांगितलं. टिकेल अशी एकच जागा त्यांना सापडली, नदीपलीकडचा माळ. देलानासाठी त्यांनी तोच सांगितला, आणि मातासावासाठीही तोच.

नदीपलीकडचा माळ आमचा आहे. तिथे आमची रताळ्यांची शेतं आहेत.

"वादळाचे महिने जवळ आलेत," वाइसाके म्हणाला. "खडक नकोत आम्हाला. त्या माळाच्या कडेला आमच्या पोराबाळांना जागा द्या."

सेफानायाचे हात मांडीवरच होते. वाइसाकेचे थरथरायला लागले. दात चांगला जड असतो, आणि समोरचा घेईपर्यंत तो खाली ठेवता येत नाही. सेफानायाने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं.

अशा वेळी आमच्यात बायका बोलत नाहीत. उनाईसी बोलली.

"अहो, घ्या ना तो. किती वेळ धरून बसायचं त्यांनी?"