दुसरी हाक

लोणावळ्याच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एकोणसत्तर साली तुंगार्लीच्या एका बंगल्यातून इको मशीन आलं. गिटारचा एक सूर दिला की त्यातली टेप फिरून तोच सूर पुन्हा पुन्हा ऐकवायची. ती टेप तुटली होती.

दुपारी मशीन नुसतं चालू करून पाहिलं, तर स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "अंबाजी."

मशीनला गिटार जोडलेली नव्हती, माईकही नव्हता. शेजारचा सायकलवाला बाईचा आवाज काढून चेष्टा करतोय असा संशय आला, पण त्याचं दुकान बंद होतं. मागच्या खोलीत बायको तांदूळ निवडत होती.

"नंदा, तू हाक मारलीस?"

"मी कशाला तुमचं नाव घीन? आन् तुमी ओ देऊ नका. मानूस आसंल तर दुसऱ्यांदा हाक मारंल. ते एकदाच मारतं."

मी गप्प राहिलो. दुसरी हाक आली नाही.

मग नवी टेप बसवली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

"अंबाजी." पाठोपाठ "अंबाजी." मग आणखी एकदा, जरा हळू.

माझ्या जिवात जीव आला. "ओ," मी म्हणालो.

नंदा सूप ठेवून दारात आली. "किती हाका आल्या?"

"तीन," असं म्हणताना माझी नजर फिरणाऱ्या टेपकडे गेली.